आईंनी बिडी ओढली नाही, एक्स-रेही साफ आहे. मग दम कशाने लागतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विदर्भातल्या वणी-घुग्घुस कोळसा पट्ट्यातलं गाव, दारासमोरून रात्रंदिवस कोळशाचे ट्रक. आई ५८ वर्षांच्या, आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही, तरी तीन वर्षांपासून पाण्याची गुंडी उचलली की दम लागतो आणि थंडीतला खोकला महिनाभर हलत नाही. एक्स-रे साफ. एका डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली, दुसऱ्यांनी वय, तिसऱ्यांनी पंप (इन्हेलर) लिहून दिला. पण ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो फडताळात पडून आहे. बाबा बरीच वर्षं कोळसा सायडिंगवर (रेल्वेत कोळसा भरतात तिथे) ठेकेदाराकडे होते, गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. भावाची चार वर्षांची मुलगी त्याच घरात वाढतेय. हे सगळं कोळशाच्या धुळीने झालं का, आणि आईबाबांना पुण्याला नेलं तर फुप्फुसं पूर्ववत होतील का?

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे आणि याच भागात २२ वर्षं दवाखाना चालवतो. न तपासता निदान सांगणार नाही, पण कुठे बघायचं ते नक्की सांगतो.

आधी त्या काळ्या धुळीचं. ओसरीवर बोट फिरवलं की काळं होतं, वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी मळकट होतं, कापसाच्या बोंडावर काजळी बसते. हे दिसतं म्हणून राग सगळा तिच्यावर निघतो, आणि तो रास्तच आहे. पण डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतेक जाड असते. ती नाकात, घशात, फार तर मोठ्या श्वासनलिकांत अडकते आणि काळ्या शेंबडातून, बेडक्यातून बाहेर पडते. खोकला ती वाढवते, पण फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात ते अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे बारीक कण मुख्यतः काहीतरी जळण्यातून येतात: ट्रकचं डिझेल, वीज केंद्राची चिमणी, पेटलेला कचरा, शेतातली पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आणि चूल. चिमणीतून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडचेही हवेत पुढे बारीक कण बनतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. म्हणून चिमणी दिसत नाही अशा गावालाही त्यातला वाटा मिळतो.

आता चुलीबद्दल, आणि इथे माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी दम लागणाऱ्या बायकांना ‘बिडी? तंबाखू?’ एवढंच विचारायचो. नाही म्हटलं की दमा लिहून मोकळा. एका बाईंना दोन वर्षं दम्याचं औषध दिलं, काही उपयोग होईना. एकदा त्यांच्या गावाला दुसऱ्याच कामाने गेलो होतो, चहाला बोलावलं म्हणून घरी गेलो. कवेलूचं घर, स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नाही, आढ्यापासून काजळीची जळमटं दोरीसारखी लोंबतायत. चुलीत पऱ्हाटी, आणि बाजूला आंघोळीच्या पाण्यासाठी दगडी कोळशाची सिगडी. पाच मिनिटांत माझे डोळे वाहायला लागले. बाई हसल्या. “सायेब, तुमाले लागते धूर. आमाले नाई लागत.”

त्या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. लागत नाही म्हणजे सवय झाली आहे, डोळ्यांना आणि घशाला. फुप्फुसाला सवय वगैरे काही होत नाही. ते मुकाट्याने मोजत राहतं.

तेव्हापासून मी प्रत्येक बाईला तिचा दिवस विचारतो. किती वाजता चूल पेटते, कशावर, खोली कशी, लग्नाआधी माहेरी काय होतं, धुण्याचं-आंघोळीचं पाणी कशावर तापतं. तुमच्या आईंनाही हेच विचारा. समजा १५-१६ व्या वर्षापासून चुलीपुढे आहेत, रोज चार तास. चाळीस वर्षांचे ५८ हजार तास होतात. चूल पेटलेली असताना बंद स्वयंपाकघरात बारीक कणांचं प्रमाण घनमीटरला शेकडो, कधी हजारो मायक्रोग्रॅमवर जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली वार्षिक सरासरीची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आपल्या देशाचा २००९ पासूनचा निकष ४० आहे. म्हणजे आपली मर्यादा मुळात आठपट सैल, आणि चुलीसमोर तिचाही पत्ता नसतो.

‘आमच्याकडे गॅस आहे’ असं तुम्ही म्हणाल. असेल. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली तेव्हापासून बहुतेक घरांत सिलिंडर दिसतो. पण त्यावर चहा होतो आणि पाहुण्यांचा स्वयंपाक. भाकरी चुलीवर, पाणी चुलीवर, सिलिंडर संपला की पुढचा मजुरीचे पैसे येईपर्यंत सगळंच चुलीवर. कोळशाच्या पट्ट्यात आणखी एक प्रकार आहे. सिगडी अंगणात पेटवतात आणि धूर कमी झाला की आत आणतात. धूर गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं, पण निखाऱ्यावर आलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, ज्याला रंग नाही की वास नाही. थंडीत दार लावून अशी सिगडी खोलीत ठेवू नका. हे एकच वाक्य आईंना आजच फोन करून सांगितलंत तरी चालेल.

मग बाहेरची हवा निर्दोष आहे का? मुळीच नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची यादी केली त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह अगदी वरच्या काही नावांत होतं. खाणी, वीज केंद्र, सिमेंट, कागद, सगळं एकाच खोऱ्यात. २०१५ साली वीज केंद्रांना गंधकाचा वायू रोखणारी यंत्रणा बसवण्याचा नियम आला, मुदती एकामागून एक पुढे सरकल्या आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. त्यावर माझं मत काय असेल ते तुम्ही ओळखलं असेल. शिवाय हंगामाचा भाग आहे. दिवाळीनंतर सोयाबीनचं कुटार जळतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाट्या, मग मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि ती आग जंगलात शिरते. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम असते, म्हणून धूर वर उठत नाही. नोव्हेंबरच्या संध्याकाळी गच्चीवरून गावाकडे बघा, घरांच्या कवेलूंच्या थोडंसं वर निळसर थर सपाट पसरलेला दिसतो. गावातल्या प्रत्येक चुलीचा धूर त्यात असतो आणि गॅस असलेल्या घरालाही तोच श्वास घ्यावा लागतो.

म्हणून ‘कोळशाची धूळ की चूल’ याचं टक्केवारीत उत्तर एका माणसासाठी कुठलाच प्रामाणिक डॉक्टर देऊ शकणार नाही. लाखो लोकांचा हिशेब मात्र मांडता येतो. २०१९ साली भारतात हवेच्या प्रदूषणाशी जोडता येतील असे सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू मोजले गेले, म्हणजे साधारण सहामागे एक. त्यातले ९ लाख ८० हजार बाहेरच्या बारीक कणांचे, ६ लाख १० हजार घरातल्या धुराचे. तुमच्या आई दोन्ही रांगांत उभ्या आहेत.

आता एक्स-रेचं. ‘फोटो साफ आला’ हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकतो. एक्स-रे म्हणजे घराचं बाहेरून काढलेलं छायाचित्र. टीबी, न्यूमोनिया, गाठ, पाणी हे त्यात दिसतं. नळीतून पाणी किती जोराने येतंय हे त्यातून कळत नाही. धुराने होणारा मुख्य आजार म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणं, ज्याला सीओपीडी म्हणतात. सिगारेटवाल्यांत वायुकोशांची भिंत जास्त फाटते आणि फुप्फुस फुगल्यासारखं दिसतं. चुलीवाल्या बायकांत बारीक नळ्या जाड आणि अरुंद होण्याचा भाग जास्त असतो. म्हणून त्यांचा एक्स-रे बराच काळ साफ राहतो आणि आजार वयाच्या खात्यात जातो.

तपासणी हवी ती स्पायरोमेट्री. नळीत जोरात फुंकायचं, यंत्र दोन गोष्टी मोजतं: पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती. पंपाचं औषध देऊन १५-२० मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. त्यानंतरही पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी राहिली तर सीओपीडी धरतात. औषधानंतर आकडा चांगला उसळला तर दम्याची बाजू भारी. एका आजींनी नळी हातात घेऊन मला विचारलं होतं, “जनमभर फुंकणीच फुंकली बापा, आता ह्यातबी फुंकू?” त्यांची हवा बाहेर यायला अकरा सेकंद लागले. पडद्यावरची रेघ चढायच्या ऐवजी बैलगाडीसारखी सरकत होती. पहिल्या सेकंदात एक लिटरही नाही. त्यांचाही एक्स-रे साफच होता.

स्पायरोमेट्रीबरोबर तीन गोष्टी विसरू नका. दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे बेडक्याची टीबी तपासणी, ग्रामीण रुग्णालयात मोफत होते. धूर आणि सिलिका (दगडाच्या धुळीतली) दोन्हींमुळे टीबीचा धोका वाढतो, आणि जुना टीबीही फुप्फुसात कायमची अरुंदी ठेवून जातो. दुसरं, हिमोग्लोबिन. आपल्याकडच्या बायकांत सात-आठवर आलेलं हिमोग्लोबिन घेऊन शेतात राबणं नवीन नाही, आणि नुसत्या त्यानेही दम लागतो. घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर तीही तपासणी करा. तिसरं, हृदयाचा इको.

हृदयावरून बाबांकडे येतो. लोकांना वाटतं खराब हवेचा मार फुप्फुसावर बसतो. प्रत्यक्षात बाहेरच्या हवेमुळे अकाली जाणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जण हृदयविकार आणि पक्षाघाताने जातात. बारीक कण वायुकोशात सतत हलकी सूज ठेवतात. तिचे पडसाद रक्तात उमटतात: रक्त गोठण्याकडे कलतं, धमनीचं आतलं अस्तर कडक होतं, आत साचलेला चरबीचा थर फुटायला निमित्त मिळतं. १९९३ साली अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या आठ हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूम्रपानाचा हिशेब वेगळा काढूनही, सर्वांत मळकट शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला. तरीही बाबांच्या बाबतीत सगळं हवेवर ढकलू नका. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातात का हे तुम्ही लिहिलं नाही. सायडिंगवर वर्षं काढलेला आणि खर्रा न खाणारा माणूस मला फार क्वचित भेटलाय. खात असतील तर स्टेंट टाकल्यानंतर आधी तो सुटायला हवा.

बाबांचा छातीचा एक्स-रेही एकदा खाणकामाच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरला दाखवा. कोळशाच्या धुळीतल्या बारीक कणांनी फुप्फुसात गाठी होतात, त्याला न्यूमोकोनिओसिस म्हणतात, आणि काम सुटल्यावरही तो पुढे सरकू शकतो. खाणीच्या कायम कामगारांची ठराविक वर्षांनी तपासणी होते. ठेकेदाराकडचा माणूस त्यातून अनेकदा निसटतो, आणि मग भरपाईची वेळ आली की कागदच नसतो. कामाचा जो काही पुरावा घरात असेल, हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, गेटपास, तो जपून ठेवा.

लहानीची काळजी मला सगळ्यांत जास्त वाटते. फुप्फुस जन्माला पूर्ण तयार येत नाही. वायुकोश पहिल्या काही वर्षांत वाढतात आणि क्षमता विशीच्या आसपास शिखर गाठते. मग पंचविशी-तिशीनंतर प्रत्येकाचीच दरवर्षी साधारण २५-३० मिलिलिटर कमी होत जाते. धुरात वाढलेल्या मुलाचं शिखरच ठेंगणं राहतं, म्हणजे उतार लागतो तोच खालून. शिवाय वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा ओढतं, आणि आजीच्या मांडीवर, चुलीशेजारीच बसलेलं असतं. दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांचा असाच अनेक वर्षं मागोवा घेतला तेव्हा मळकट भागातल्या मुलांची फुप्फुसं कमी वाढलेली दिसली. पुढे हवा सुधारली तेव्हा नंतरच्या मुलांची वाढही सुधारली. तेव्हा तिच्यासाठी अजून वेळ गेलेली नाही. चूल पेटलेली असताना तिला त्या खोलीत येऊ द्यायचं नाही, हा घरचा नियम करा. लसींचं कार्ड पूर्ण आहे का बघा. न्यूमोनियाची लस सरकारी लसीकरणात मोफत आहे.

पुण्याला नेण्याबद्दल. धुरापासून दूर गेलं की खोकला आणि बेडका काही आठवड्यांत कमी होऊ शकतो, कारण सूज उतरते. अरुंद होऊन घट्ट झालेल्या नळ्या आणि गेलेले वायुकोश परत येत नाहीत. मिळतं ते हे की दरवर्षीची घसरण मंदावते, आणि ५८ व्या वर्षी ते फार मोठं आहे. अमेरिकेत युटा खोऱ्यातला एक पोलाद कारखाना १९८६-८७ मध्ये संपामुळे वर्षभराहून अधिक बंद होता. कारखाना चालू असतानाच्या हिवाळ्यांत श्वासाच्या आजाराने दवाखान्यात भरती होणारी मुलं बंद असतानाच्या मानाने दुप्पट-तिप्पट होती. हवा बदलली की शरीर लगेच ओळखतं. पण त्यासाठी पुणंच हवं असं नाही, पुण्याची हवाही काही महाबळेश्वरची नाही. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीसमोर बसून पाय गळालेले आईवडील मी परत आलेले पाहिलेत. थंडीचे दोन-तीन महिने न्या, पण आईंची मर्जी विचारून. बाकी वर्षासाठी तोच खर्च घरी लावा.

म्हणजे काय, तर सिलिंडरचे पैसे दर महिन्याला तुम्ही भरा; पुण्यात बसून करता येण्यासारखं याहून उपयोगी काम नाही. आंघोळीच्या पाण्याची चूल बाहेर मोकळ्यावर न्या, किंवा जमल्यास सोलर बसवा, आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही. कोरडं झाडू नका, पाणी शिंपडून झाडा. रस्त्याकडची खिडकी ट्रकांच्या गर्दीत बंद, मागची उघडी. झोपायच्या खोलीत मच्छर अगरबत्ती जाळण्यापेक्षा मच्छरदाणी लावा. तोंडाला बांधलेला दुपट्टा जाड धूळ अडवतो, बारीक कण नाही. एन-९५ मास्क अडवतो, पण दम असलेल्या माणसाला तो लावून चढ चढणं जड जातं, गरजेपुरता वापरा. हवा शुद्ध करणारं यंत्र विचारत असाल तर कवेलूच्या, चारी बाजूंनी उघड्या घरात ते पैसे पाण्यात. आणि गूळ. कोळशाची धूळ गुळाने साफ होते असं खाणीपासून सायडिंगपर्यंत सगळे सांगतात. गूळ पोटात जातो हो, फुप्फुसात नाही. बाबांना साखर असेल तर उलट नुकसान.

ट्रकांवर ताडपत्री, रस्त्यावर पाणी, गावाबाहेरून वळण या मागण्या ग्रामसभेच्या ठरावाने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पोच घ्या. हवा मोजणारी यंत्रं शहरात असतात, तुमच्या गावात नसणार. म्हणून ठरावात मोजणीची मागणी पहिली घाला. आकडा नसेल तर ‘तुमच्याकडे प्रदूषण नाही’ हेच उत्तर मिळतं.

शेवटी फडताळातला पंप. सवय लागते ही भीती जवळपास प्रत्येक घरात भेटते. चष्म्याचीही तशी ‘सवय’ लागते. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये, थेट नळीत जातं. खरी भीती बाळगायची ती त्या निनावी पुड्यांची आणि ‘एका सुईत आराम’वाल्या इंजेक्शनांची, कारण त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि वर्षभरात हाडं ठिसूळ, साखर वाढलेली, चेहरा सुजलेला असा पेशंट माझ्याकडे येतो. फ्लूची दरवर्षीची आणि न्यूमोनियाची लस आईंना द्या. रोज सपाट रस्त्यावर चालू द्या, दम लागला तरी, थांबत थांबत. बोटाला लावून ऑक्सिजन बघा. विश्रांतीतही सतत ८८ किंवा त्याखाली राहत असेल तर घरी ऑक्सिजन लागू शकतो, आणि तसं झालं तर त्या खोलीत चूल, सिगडी, उदबत्ती काहीही पेटायला नको, ऑक्सिजनजवळ ठिणगी भडकते.

पंप सुरू करताना स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) मागून घ्या, आणि आईंना डॉक्टरांसमोर तो घेऊन दाखवायला लावा. बहुतेक जण पंप दाबतात आधी आणि श्वास ओढतात नंतर, मग औषध जिभेवर राहतं आणि ‘पंपाने काही होत नाही’ असं ठरतं. आधी पूर्ण श्वास सोडायचा, स्पेसर ओठात घट्ट धरायचा, एकदा दाबायचं, सावकाश खोल ओढायचं, श्वास रोखून मनात दहा मोजायचे. नंतर चूळ भरायची. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा हे त्यांना तुमच्यासमोर करायला सांगा.